मोरीशेजारची कायमची जागा

घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती शिकायला गेली तेवढीच, शिकवायला कधी गेली नाही. पण गुण देणं हाच तिचा धंदा होता, आणि तो ती जेवणाच्या टेबलावर बसून, कानाला हेडफोन लावून, घरबसल्या करायची.

इंटरनेट पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला लोक फोन करतात. रडतात, ओरडतात, शिव्याशाप देतात. कंपनीची माणसं त्यांच्याशी गोड बोलतात आणि ते सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. ते ऐकायचं आणि कंपनीच्या माणसाला गुण द्यायचे, हे मास्तरीणबाईंचं काम. फोन करणाऱ्याचं काम झालं की नाही, असला प्रश्न त्या गुणपत्रिकेत नव्हता. नमस्कार केला का, आवाज चढला का, 'आपली अडचण मी समजू शकतो' हे वाक्य ठरल्या जागी आलं का, शेवटी आभार मानले का, एवढंच बघायचं. सगळ्यात जास्त गुण कापायचे ते नकाराला. 'होणार नाही', 'तिथे आपली सोय नाही', 'माझ्या हातात नाही' असलं काही तोंडातून निसटलं की तो माणूस आडवा झालाच. नकार द्यायचा तो पुढे वायरमनने, जागेवर जाऊन, द्यावा. फोनवरच्याने विनंती नोंदवावी आणि तोंड गोड ठेवावं, असा कंपनीचा खाक्या.

यात मास्तरीण तरबेज होती. ठरल्या ओळीबाहेरचा एक शब्द ऐकू आला तरी तिच्या तोंडाला कडूझार पाणी सुटायचं. किळस येणं हा तर तिचा जोडधंदाच होता. नवऱ्याचं चहा फुरकणं, ओल्या चमच्याने साखर घेणं, लोकांचं फोनवर 'अं... अं...' करणं, कशाचीही तिला शिसारी यायची, आणि ती आली की मनातल्या मनात गुण कापले जायचे. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. रोज कुणीतरी त्याला खांबावर नेऊन घालायला निघालेलं असे, त्यामुळे घरी येऊन दोन-चार गुण कापले गेले तर त्याला त्याचं काही वाटत नसे. "आज किती मिळाले मास्तरीणबाई?" म्हणत तो मोजे काढायचा, आणि त्या मोज्यांचे वेगळे कापले जायचे.

आता गोष्ट अशी, की मास्तरीण इतकी वर्षं कंत्राटावर होती. कधीही हात धरून उठवता येईल अशी. आणि यंदा एक जागा कायमची होणार होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, स्वतः सांगितलं होतं, "महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेळाची बैठक आहे. त्यात ठरवू. तुमचंच नाव वर आहे." मेळाची बैठक म्हणजे सगळ्या गुण देणाऱ्यांनी आपापल्या घरून एकाच वेळी एकच फोन ऐकायचा आणि सगळ्यांचे गुण जुळतात का ते बघायचं. ज्याचे जुळत नाहीत त्याचा कान बिघडला असं धरायचं. आणि बैठकीला यायचं तर तारेचं नेट हवं. मोबाइलचं नेट कंपनीचं यंत्र आत घेत नसे. तार कुणाचीही चालेल, पण तार हवी. बैठकीला जो दिसला नाही, तो यादीतूनही दिसेनासा होई.

आणि नेमक्या त्याच सोमवारच्या आधीच्या शनिवारी त्यांना घर सोडायचं होतं. जुन्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी जागा रिकामी हवी होती.

मास्तरीण काही गाफील राहणारी नव्हती. तिने दोन आठवडे आधीच कंपनीला फोन लावला. आपल्याच कंपनीला; पण फोनवर ती ग्राहक, तिकडच्याला ही कोण हे कुठून कळणार? नवरा सोफ्यावर पाय पसरून सिनेमा बघत होता. फोनवर आलेला आवाज वयस्क होता, थोडा बसलेला. या उतारवयात ही नोकरी धरली असावी, असं वाटणारा.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू शकतो?"

"घर बदलतोय. कनेक्शन नव्या पत्त्यावर हलवायचंय. लिहून घ्या."

तिने पत्ता सांगितला. तिकडे बटणं वाजली. मग काहीच वाजेना.

"मॅडम... एक सांगू का, हा जो पत्ता आहे ना—"

"थांबा." मास्तरीणच्या कपाळावर आठी आली. "एक सांगू का? हे कुठे शिकवलं तुम्हाला?"

"अं?"

"ग्राहकाला 'एक सांगू का' म्हणायचं नसतं. पारावर बसलोय का आपण? आणि मधे एवढं गप्प का राहिलात? माणूस इकडे कानाला फोन लावून उभा असतो. आधी अडचण समजली म्हणा, मग विनंती नोंदवा. क्रम असतो त्याला."

तिकडे कुणीतरी श्वास आत घेतला आणि तो बराच वेळ बाहेर सोडलाच नाही.

"आपली अडचण मी समजू शकतो, मॅडम."

"हं. पुढे?"

"आपली विनंती नोंदवली आहे. शनिवारी जुनी लाइन बंद होईल आणि आमचा माणूस नव्या पत्त्यावर येईल."

"आणि आभार कोण मानणार?"

"फोन केल्याबद्दल आभारी आहे, मॅडम."

तिने फोन ठेवला. "एकेकाला हाताला धरून शिकवावं लागतं."

नवरा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तो काहीतरी सांगत होता गं."

"सांगत नव्हता, घोळ घालत होता. तू तुझा सिनेमा बघ."

शनिवारी सामान हललं. नणंद मदतीला आली होती. नणंदेच्या मदतीचा हिशेब असा: तिने एक उशी उचलून टेम्पोपर्यंत नेली, आणि त्या उशीच्या बदल्यात दिवसभर एकुलत्या एक मोकळ्या खुर्चीवर बसून चहा, सल्ले आणि उसासे यांची वसुली केली.

नवं घर मागच्या अंगाला होतं. पुढच्या भागात मालक, मागे भाडेकरू, मधे एक जाडजूड भिंत. घर दाखवताना मालकीणकाकूंनी दिवे लावले नव्हते, "उजेड काय भरपूर आहे" म्हणाल्या होत्या. आता दिवे लावल्यावर दिसलं. बटणांवर आधीच्या लोकांच्या बोटांचा तेलकट थर, इतका की बटण दाबलं की बोटाबरोबर परत वर येई. ओट्याखाली काहीतरी सांडून वाळलेलं, आणि त्यावर चिकटून मेलेली झुरळं, एका ओळीत. न्हाणीच्या जाळीत केसांचा बोळा. मास्तरीणने नाकाला ओढणी बांधून तो काठीने उचलला, तर तो संपेचना. येतोय, येतोय, मागून साबणाचा चिकट लगदा येतोय. ती तशीच उठून ओकारी आवरत अंगणात गेली.

"अगं, एवढं काय त्यात?" नणंद खुर्चीवरून म्हणाली. "केसच आहेत."

"मग तुम्ही काढा ना, ताई."

"मला वाकवत नाही बाई."

भिंतीतल्या कपाटाचा वरचा खण मास्तरीणने उघडला, तर त्यात कापलेली नखं होती. सांडलेली नाहीत, साठवलेली. कुणीतरी वर्षभर तिथे बसून निगुतीने नखं कापून खणात टाकत गेलं होतं. ती नुसती बघत राहिली. नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. "बचत चांगली होती लोकांची," तो म्हणाला, आणि खण काढून बाहेर नेला.

तेवढ्यात वायरमनचा फोन आला. "बाई, तुमची विनंती आलीय खरी, पण त्या गल्लीत आपली तारच नाही. खांबच नाहीत आपले तिकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही होणार."

"मग विनंती घेतली कशाला?"

"विनंती काय, घेतातच. पत्ता टाकला की त्यांना लाल दिसतं. सांगितलं नाही का कुणी?"

तिने लगेच कंपनीला फोन लावला. या वेळी बाई होती. आवाज असा की चमच्याने घ्यावा. तिने नमस्कार केला, अडचण समजून घेतली, पुन्हा समजून घेतली, गैरसोयीबद्दल माफी मागितली, विनंती नोंदवली आणि आभार मानले. मास्तरीणने ओरडून पाहिलं, रडकुंडीला येऊन पाहिलं. सोमवारी नेट नसेल तर नोकरी जाते हो, असंही म्हणाली. "आपली अडचण मी समजू शकते," ती बाई म्हणाली. तोंडात पाक ओतून वर बूच मारावं तसं वाटलं. आणि या बाईला आपण एकही गुण कापला नसता, हेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि त्या कळण्याचीच मळमळ आली.

जुन्या घरी जाऊन रिकाम्या फरशीवर बसून काम करावं, तर तिथली लाइन सकाळीच बंद झाली होती. मैत्रिणीकडे जावं, तर तिच्याकडे नुसता मोबाइल.

मग मास्तरीणने आपल्या आतल्या माहितीला हात घातला. कंपनीकडे तक्रारी ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात, हे तिला ठाऊक होतं. पण 'माहिती लपवली' हे दोन शब्द तक्रारीत असले की ती ढिगातून उडी मारून वर जाते. तक्रार खरी ठरली तर कंपनी बदनामीच्या भीतीने लांबून का होईना, तार ओढून देते. आणि माहिती लपवणाऱ्याला नारळ मिळतो. हेही तिला ठाऊक होतं.

"त्या माणसाची नोकरी जाईल ना गं?" नवऱ्याने विचारलं. तो गादीच्या दोऱ्या सोडत होता.

"त्याने मला सांगायला नको होतं?"

"तो सांगत होता."

"एकदा. तेही पडक्या आवाजात. ज्याला सांगायचंय त्याने ठामपणे सांगावं. आणि तू कुणाच्या बाजूचा आहेस? मला सोमवारी बसायला मिळालं नाही तर काय, गाडी शिकायला येऊ तुझ्याकडे?"

"नको," नवरा घाईघाईने म्हणाला.

तिने तक्रार लिहिली. 'पत्त्यावर सेवा नाही ही माहिती प्रतिनिधीने जाणूनबुजून लपवली.' जाणूनबुजून हा शब्द वरकड होता, पण तो तिने घातला. जरा वजन येतं.

तार यायची तेव्हा येईल, सोमवारचं काय? रविवारी सकाळी ती मालकीणकाकूंचं दार वाजवायला गेली. पुढच्या भागात रस्त्याकडून दुसऱ्याच कुठल्या कंपनीची तार येत होती.

"अगं, आपलंच घर समज," काकू म्हणाल्या. काकूंचं बोलणं असं होतं की ऐकताना अंगाला तूप चोपडल्यासारखं वाटावं. "ये, दाखवते. आमचा डबा जरा आत आहे."

डबा बराच आत होता. तार घरात आली होती ती संडासाच्या झरोक्यातून, आणि जिथे आली तिथेच थांबली होती. मोरी आणि संडास यांच्या मधल्या बोळात, चपलांच्या रॅकवर, ब्रशांच्या पेल्याशेजारी, वायफायचा डबा हिरवे डोळे मिचकावत बसला होता. भिंत इतकी जाड की मागच्या घरात त्याचा मागमूस लागत नव्हता. आणि तसंही मास्तरीणला तार थेट लॅपटॉपला लावायची होती. तार हातभर.

"इथेच बसावं लागेल," काकू म्हणाल्या. "धुण्याची टोपली उपडी घालू, टेबल होईल बघ छान."

बोळात ओल्या फडक्याचा, शिळ्या साबणाचा आणि आणखी एका गोष्टीचा वास होता. ती आणखी एक गोष्ट म्हणजे काका. ते बनियनवर दारातून बाहेर आले, हात न धुता वायफायच्या डब्यावर टेकवून त्यांनी तोल सावरला, मग मोरीत जाऊन घसा खाकरायला लागले. तो खाकरा खोल कुठूनतरी निघाला, टप्प्याटप्प्याने वर आला, तोंडात क्षणभर मुक्कामाला राहिला आणि मग मोरीत पडला. मास्तरीणने डोळे मिटले.

"पाणी सोडा हो," काकू म्हणाल्या. आणि तिच्याकडे वळून, "त्यांचं सकाळभर चालतं. तुझं काम काय असतं गं नक्की?"

मास्तरीणने सांगितलं. सांगायला नको होतं. काकूंचे डोळे लकाकले.

"म्हणजे लोकांची भांडणं ऐकायची? आणि त्याचा पगार? अगंबाई! मग मला पण ऐकव ना. एक कान तुला, एक कान मला."

"काकू, ते बाहेरच्या कुणाला ऐकवायचं नसतं."

"बाहेरची कुठली मी? घर आपलंच म्हटलं ना." काकू गोड हसल्या. "नाहीतर बाई, आमच्याकडे ही तार कधी लागते, कधी निघते. भरवसा नाही हो तिचा."

सोमवारी सकाळी मास्तरीण उपड्या टोपलीपुढे चौरंगावर बसली. इअरफोनचा एक इवला बोंडगा तिच्या कानात, दुसरा शेजारी स्टूल टाकून बसलेल्या काकूंच्या. काकूंचा खांदा तिच्या खांद्याला लागून होता आणि केसांना कालच्या तेलाचा वास होता. मागे दाराआड काका होते. तिने कॅमेरा काकू दिसणार नाहीत असा वळवला आणि पडद्यावर आपल्यामागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं, म्हणजे बैठकीतल्या लोकांना वाटावं, बाई ग्रंथालयात बसल्यात.

यंत्राने तार तपासली. हिरवी खूण आली. मास्तरीणचा जीव भांड्यात पडला.

"नमस्कार मंडळी," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज एक गंभीर तक्रार आहे. माहिती लपवल्याची. ग्राहकाचं नाव, नंबर, पत्ता सगळं पुसलंय. तुम्ही सगळ्यांनी ऐकायचं, गुण द्यायचे. नवीन घर लागलंय ना तुमचं? बसलात व्यवस्थित?"

"हो, अगदी," मास्तरीण म्हणाली. बैठकीत तिचा आवाज वेगळा असायचा. मऊ, पोळीला तूप लावल्यासारखा.

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि यंत्राने सगळ्यांचे आवाज बंद केले. नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो. मग एक बाई बोलू लागली, चिरका, वरच्या पट्टीतला, कुणालातरी टोचायला निघालेला आवाज. मास्तरीणच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की काय भांडकुदळ बाई आहे. हिला माणसाशी बोलायची रीत कुणी शिकवली नाही का? तोंड धुतलंय का हिने सकाळी? 'पारावर बसलोय का आपण?' बाईने विचारलं, आणि मास्तरीणने किळसेने ओठ मुडपले.

काकूंनी तिच्या मांडीवर थाप मारली. "अगं, ही तर तूच!"

तिच्या अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं. हा आवाज आपला? नवरा रोज हाच ऐकतो? 'आणि आभार कोण मानणार?' ती बाई विचारत होती, आणि तिकडे तो वयस्क माणूस आभार मानत होता.

"काय सुनावलंस गं त्याला!" काकू खूश होत्या. "बिचाऱ्याची बोलतीच बंद."

रेकॉर्डिंग संपलं. आवाज परत चालू झाले. मास्तरीणने झटक्याने आपला माइक बंद केला. दाराआडून काकांची तयारी ऐकू येत होती.

सगळ्यांत आधी बोलला तो होयबा. खरं नाव वेगळं, पण मोठ्या बाई जे म्हणायच्या असतील ते त्यांच्या आधी ओळखून म्हणायची कला त्याला साधली होती. "काय बाई आहे हो! हिच्या घरात माणसं कशी राहतात?"

हशा पिकला. एक जण म्हणाली, "मी असते तर फोनच ठेवला असता." दुसरा म्हणाला, "आणि वर तक्रार करतेय, माहिती लपवली म्हणून! बोलू दिलं का त्याला?"

"ग्राहकाला आपण गुण देत नाही," मोठ्या बाई हसत म्हणाल्या, "नाहीतर भोपळाच द्यावा लागला असता. पण आपल्या माणसाचं बघा. तो ओळीबाहेर जाणार होता. 'एक सांगू का' म्हणून नकाराकडे निघालाच होता. पण त्याने स्वतःला सावरलं. नकार दिला नाही. क्रम पाळला. आता एकेकाने सांगा."

पूर्ण गुण, होयबा म्हणाला. पूर्ण गुण, पूर्ण गुण, असं करत पाळी पुढे पुढे आली.

मास्तरीण हिशेबात पक्की. तिने बसल्या जागी मांडून पाहिलं. आपण गुण कापले, माणूस दोषी म्हटलं, तर तक्रारीला जीव येईल, तार घरी येईल. पण बाकी सगळे एकीकडे आणि आपण एकीकडे. म्हणजे आपला कान बिघडला, जागा गेली. मग त्या तारेचं काय लोणचं घालायचं? पूर्ण गुण दिले तर जागा राहील, तक्रार मरेल, तार येणार नाही. तिसरा रस्ताही होता. ती बाई मीच, आणि तो माणूस मला खरं सांगत होता, असं सरळ सांगून टाकायचं. तो रस्ता तिला दिसलाच नाही असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. दिसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि पुढे गेली.

"तुमचं काय मत?" मोठ्या बाईंनी विचारलं. "तुमचंच ऐकायचंय मला आज."

तिने माइक चालू केला. "पूर्ण गुण," ती मऊ आवाजात म्हणाली. "बाईच विचित्र आहेत. माणसाला बोलूच देत नाहीत."

काकूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आधी आश्चर्याने, मग हळूहळू, एखाद्या दुकानात हवी ती वस्तू अचानक सापडावी तशा नजरेने.

"तंतोतंत जुळलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तक्रार फेटाळली. आणि मंडळी, कायमची जागा यांनाच. अभिनंदन! लाइन पक्की आहे ना तुमच्याकडे? रोज लागेल."

"हो," मास्तरीण म्हणाली. "पक्की आहे."

"आहेच मुळी," काकू तिच्या खांद्याला खेटून पुटपुटल्या.

"मग तुमचं पहिलं काम सांगते. हा फोन नमुना म्हणून ठेवायचा. नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हाच ऐकवायचा, अवघड ग्राहक कसा हाताळावा म्हणून. कुठे काय चांगलं केलं, त्याच्या टिपा तुम्ही लिहा. आजच द्या."

होयबाने टाळ्या वाजवल्या. पडद्यावरचे सगळे चेहरे हसले आणि एकेक करून विझले.

मास्तरीण टोपलीपुढे बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी घशाशी काहीतरी आलं होतं, आणि ते मोरीत टाकण्यासारखं नव्हतं. त्या माणसाची नोकरी वाचली, एवढं जमेला धरावं असं तिच्या मनात आलं. पण वाचली ती कशामुळे? खरं गिळलं म्हणून. आणि आता तो गिळण्याचा आवाज वर्षानुवर्षं नव्या माणसांना ऐकवायचा होता, तिच्या चिरक्या आवाजासकट.

"किती वाजता येणार रोज?" काकूंनी विचारलं. "मी माझी कामं आटपून घेत जाईन. स्टुलाला उशी आणते उद्यापासून. आणि एक कर, ताटल्या धुताना मला मदतीला येत जा थोडी. आपलंच घर."

"येईन, काकू."

"शहाणी गं माझी. मी कुणाला सांगणार नाही हो, तू काळजी करू नको."

तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. टिपा लिहायच्या तर थांबत थांबत ऐकायला हवं. बटणं वाजली, मग ती शांतता आली. त्या दिवशी तिला ती रिकामी वाटली होती. आता कान देऊन ऐकलं तर त्यात बरंच काही होतं. मागे इतरांचे नमस्कार, कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि तो माणूस तोंड उघडून, मिटून, परत उघडत होता. मग 'एक सांगू का'. मग ती बाई. मग तो आत घेतलेला श्वास.

"तेवढं परत लाव ना," काकू म्हणाल्या. "तो गप्प होतो ते."

तिने परत लावलं.

आतून दारावर थाप पडली. "अहो, टोपली सरकवा," काका ओरडले. "दार उघडत नाहीये."

मास्तरीण लॅपटॉप पोटाशी धरून उठली. काकूंनी टोपली पायाने लोटली. काका बाहेर आले, ओली पावलं तारेवरून ओढत मोरीकडे गेले, जाता जाता त्यांचा ओला हात तिच्या चौरंगावर टेकला. ती ओढणीने चौरंग पुसायला वाकली. मग वाटलं, किती वेळा पुसणार? तशीच त्या ओलीवर बसली.

मोरीत खाकऱ्याला सुरुवात झाली. कानातला बोंडगा तिने आत दाबला आणि श्वासाच्या जागेसमोर टीप लिहिली: येथे प्रतिनिधीने स्वतःला वेळीच सावरले. अनुकरणीय.